द्राक्षबागेतील दोन ओळींमधली जमीन
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



द्राक्षबागेत शिरणाऱ्या माणसाची नजर स्वाभाविकपणेच वर जाते. तारांवर पसरलेली पाने, त्यांखाली लोंबणारे घड, मण्यांची फुगवण आणि चकाकी यांवरच बागेची पारख होते. पायाखालच्या जमिनीकडे क्वचितच कोणी पाहतो. पाहिलेच, तर ती उघडी आणि भुसभुशीत असावी, तीवर गवताची काडीही दिसू नये, अशी अपेक्षा असते. अशा बागेला 'स्वच्छ बाग' म्हणतात, आणि शेजारच्या बागेत गुडघाभर हिरवळ दिसली तर तिचा मालक आळशी असावा असा तर्क बांधून लोक पुढे जातात.

थोडा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. दोन ओळींत नऊ फूट आणि दोन वेलींत पाच फूट अंतर ठेवून केलेली लागवड पुष्कळ ठिकाणी आढळते. वेलीच्या बुंध्याभोवतीचा बोद तीन फूट रुंद धरला, तरी बागेतील दोन-तृतीयांश जमीन दोन ओळींमधल्या पट्ट्यातच राहते. या पट्ट्यातून ट्रॅक्टर फिरतो, फवारणीचे यंत्र फिरते, मजूर ये-जा करतात. येथे काय उगवू द्यावयाचे आणि काय नाही, हा निर्णय बागायतदार एकटा घेतो. त्याचे परिणाम मात्र त्याच्या तारेच्या कुंपणापाशी थांबत नाहीत. ते शेजारच्या विहिरीत उतरतात, ओढ्यात वाहतात आणि मधमाशीच्या पंखांवरून दुसऱ्याच्या शेतात जातात. म्हणूनच हा विषय एकट्या बागायतदाराचा नाही; गावाचा आहे.

पांगाऱ्याचा आधार

जुन्या काळी नाशिककडे भोकरी आणि फकडी या जातींची द्राक्षे होत. त्या बागांत वेल लोखंडावर नव्हे, तर पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढविला जात असे. पांगारा हा शेंगावर्गीय वृक्ष. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र बांधून ठेवतात. त्याचा छाटलेला पाला गुरांना घालावा किंवा बागेतच कुजू द्यावा. दोन्ही रीतींनी तो उपयोगी. छाटणीतून वाचलेल्या फांद्यांवर फाल्गुनाच्या सुमारास लालभडक फुले येत आणि त्यांतील मधासाठी साळुंक्या व शिंजीर गोळा होत. पक्ष्यांचा हा मेळा बागायतदाराला फारसा मानवत नसणार, कारण घड पिकण्याचे दिवसही तेच. तरीही एवढे खरे, की त्या बागेत वेलीखेरीज निदान आणखी एक झाड मुळासकट जिवंत होते आणि त्या झाडावर अवलंबून असलेले इतर जीवही होते.

पुढे थॉम्पसन सीडलेस ही बिनबियांची जात महाराष्ट्रात आली आणि साठ-सत्तरच्या दशकांत तिने बागांचे रूप पालटून टाकले. तिच्यातूनच येथील बागायतदारांनी डोळसपणे निवड करून तास-ए-गणेश आणि सोनाका यांसारखे प्रकार काढले. सांगली आणि सोलापूरच्या शेतकऱ्यांची ही कामगिरी कोणत्याही संशोधन केंद्राला अभिमान वाटावा अशीच आहे. तारांचा मांडव आला, ठिबक आले, क्षारयुक्त जमिनीत आणि पाण्याच्या ताणात तग धरणारा डॉगरिज हा खुंट आला. १९९७ साली पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांतील कुटुंबांच्या हाती या पिकाने पैसा दिला, मुले शिकली, घरे उभी राहिली. हे विसरून जमिनीविषयी बोलणे अन्यायाचे होईल.

तथापि, या प्रगतीत जिवंत खुंटाची जागा लोखंडी अँगलने घेतली आणि बागेतील दुसरे झाड नाहीसे झाले. पूर्वी कडेला वारा अडविण्यासाठी शेवरी लावीत. शेळ्यांना तिचा पाला मिळे. आता बऱ्याच बागांच्या कडेला हिरवी जाळी दिसते. वारा तीही अडविते. शेळीला मात्र तिचा उपयोग नाही.

मांडणीची पद्धतही खालच्या वनस्पतींवर परिणाम करते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सपाट मांडव पानांनी पुरता भरला की खाली दाट सावली पडते आणि तेथे सावली सोसणारी मोजकीच रोपे टिकतात. इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या आधारावर वेल चढविला, तर दोन ओळींच्या मधे उजेडाचा पट्टा राहतो आणि त्या पट्ट्यात पावसाळ्यात दहा प्रकारचे कोंब वर येतात. म्हणजे लोखंडाचा आकार ठरविताना बागायतदार नकळत गवताचेही भवितव्य ठरवीत असतो.

तणांची निवड कोण करतो

'तण' हा शब्द सोयीचा आहे. त्यात फरक करावा लागत नाही. प्रत्यक्षात ऑगस्ट महिन्यात एखाद्या बागेच्या पट्ट्यात वाकून पाहिले, तर केना, घोळ, तांदुळजा, कुर्डू, आघाडा, एकदांडी, दुधी, पाथरी अशी नावानिशी ओळखता येणारी मंडळी भेटतात. त्यांच्यात हरळी आणि लव्हाळा हे चिवट सोबतीही असतात, आणि १९५५ साली पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत तर सर्वत्र असतेच. यांतील काहींची मुळे उथळ, काहींची खोल. काही पावसाबरोबर येऊन दिवाळीपूर्वी वाळतात, काही बारमाही. घोळ, तांदुळजा आणि कुर्डूची कोवळी पाने भाजी म्हणून घरी जातात. खुरपणीला येणाऱ्या बाया संध्याकाळी ओटीत जे घेऊन जात, ती मजुरीची न लिहिलेली बाजू होती.

जमिनीची मशागत कशी केली जाते, यावर यांपैकी कोण राहील आणि कोण जाईल हे अवलंबून असते. खुरप्याने सगळ्यांनाच थोडा धक्का बसतो, पण बी शिल्लक राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा सर्व जाती उगवतात. रोटाव्हेटर वारंवार फिरविला, तर हरळीच्या कांड्यांचे तुकडे बागभर पसरतात आणि प्रत्येक तुकड्याला नवे मूळ फुटते. तणनाशकाचा परिणाम याहून निराळा. वर्षानुवर्षे तेच औषध मारले, तर कोवळी, एकहंगामी आणि उपयोगी रोपे आधी जातात. लव्हाळ्याच्या जमिनीखालच्या गाठी मात्र तग धरतात आणि मोकळी झालेली जागा बळकावतात. शेवटी बाग तणमुक्त होत नाही. तिच्यातील तणांची विविधता जाते आणि जे सर्वांत त्रासदायक तेच उरते. औषधाचा खर्च वाढत राहतो तो यामुळेच. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत, ही तणनाशकामागची खरी अडचण आहे. तिच्याकडे काणाडोळा करून उपदेश करण्यात अर्थ नाही. परंतु २०२२ साली केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध घातले, ही घटनाही नजरेआड करता येत नाही.

ट्यूलिपची गोष्ट

द्राक्षशेती हा मूळचा पश्चिम आशिया व भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातील व्यवसाय. तेथे एकाच डोंगरउतारावर शतकानुशतके द्राक्षे लावली गेली. त्यामुळे मशागतीचा वनस्पतींवर काय परिणाम होतो, हे तेथील बागांत जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसणे कठीण. जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया या देशांच्या जुन्या बागांत रानटी पिवळा ट्यूलिप, निळ्या फुलांची मस्करी, रानलसूण अशा कंदवर्गीय वनस्पतींचा एक खास समूह आढळे. जंगलात किंवा कुरणात तो तसा सापडत नसे. त्याचे घर द्राक्षबागच होती.

याचे कारण मोठे मनोरंजक आहे. या वनस्पती हिवाळ्यात वर येतात, वेलीला पाने फुटण्याच्या सुमारास फुलतात आणि उन्हाळ्यापूर्वी जमिनीखाली निद्रिस्त होतात. शेतकरी हातकुदळीने वरची माती हलवीत असे. खोलवरचे कंद त्यातून वाचत. वरचे छोटे कंद सुटे होऊन इकडेतिकडे पसरत आणि नव्या जागी रुजत. कुदळ ही त्यांची शत्रू नव्हती, पेरणी करणारा हात होती. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. कलमी वेलींची पुनर्लागवड झाली तेव्हा दाटीवाटीच्या जुन्या लागवडीऐवजी सरळ ओळी आल्या आणि ओळींमधून नांगर चालू लागला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर यंत्राची खोल नांगरट आणि तणनाशके आली, आणि ट्यूलिप झपाट्याने कमी झाले.

येथपर्यंतची कथा अपेक्षित वाटेल. पण तिचा पुढचा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. जेथे मशागत अजिबात थांबविली आणि गवताला कायमचे मोकळे रान दिले, तेथेही ट्यूलिप टिकले नाहीत. उंच, दाट गवताने त्यांना गुदमरून टाकले. म्हणजे 'निसर्गावर सोडा' हे उत्तरही पुरे पडले नाही. किती खोल, किती वेळा आणि वर्षातील कोणत्या दिवसांत माती हलवावयाची, याचा जो जुना मेळ होता त्याच्यावर त्या फुलांचे जीवन अवलंबून होते. कृषिखात्याच्या पत्रकात हा मेळ एका वाक्यात बसविता येत नाही, हीच त्यातील अडचण.

२०१८ साली ऑस्ट्रियातील संशोधकांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील प्रसिद्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. सतत नांगरणी किंवा तणनाशक असलेल्या बागांच्या तुलनेत, जेथे जमिनीवरील हिरवळ सौम्यपणे हाताळली गेली तेथे जैवविविधता आणि परिसंस्थेच्या सेवा यांचे एकत्रित मान सुमारे २० टक्क्यांनी अधिक आढळले. फ्रान्समध्ये २०२० साली द्राक्षबागांतील ग्लायफोसेटवर कडक मर्यादा आल्या आणि, काही अपवाद वगळता, दोन ओळींमधल्या पट्ट्यात ते मारण्यास मनाई झाली. तेथेही मजुरांची टंचाई आहे आणि तेथील शेतकऱ्यांनीही कुरकूर केली.

लाभ कोणाच्या शेतात

'परिसंस्थेच्या सेवा' हा शब्दप्रयोग जड वाटतो, पण अर्थ साधा आहे. जमीन, पाणी, झाडे आणि कीटक मिळून माणसासाठी जी कामे मजुरी न मागता करतात, त्यांना हे नाव. द्राक्षबागेत ही कामे कोणती?

पहिले काम माती धरून ठेवण्याचे. महाराष्ट्रात पाऊस चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या सरींत कोसळतो. उघड्या जमिनीवर थेंब आपटला की मातीचे कण फुटतात, त्यांची बारीक साय पृष्ठभागावरील छिद्रे बुजविते आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. ट्रॅक्टरच्या चाकांनी घट्ट झालेल्या पट्ट्यात तर ते नाल्यासारखे धावते. जमिनीवर पाचोळा किंवा गवत असेल तर थेंबाचा मार त्यावर बसतो आणि मुळांच्या वाटेने पाणी खाली उतरते. त्या पाण्याचा काही भाग त्याच बागायतदाराला लाभतो; काही भाग उताराच्या खालच्या विहिरीत जातो. वाहून गेलेली माती कोठे जाते, हे गावच्या पाझर तलावाचा गाळ काढणाऱ्यांना विचारावे.

दुसरे काम क्षार आवरण्याचे. उघड्या जमिनीतून उन्हात पाण्याची वाफ होते आणि तिच्या ओढीने खालचे क्षार वर येऊन साचतात. सांगली-सोलापूरच्या भारी जमिनींत वरचा पांढरा थर पाहिलेला नाही असा माणूस विरळा. उसाचे पाचट किंवा बारीक केलेल्या छाटणीच्या काड्या यांचे आच्छादन ही वाफ कमी करते. छाटणीच्या काड्या बांधावर नेऊन पेटविण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. करप्याने ग्रासलेल्या काड्या बागेबाहेर काढल्याच पाहिजेत, परंतु निरोगी काडी जाळणे म्हणजे विकत घेतलेले खत जाळण्यासारखे होय.

तिसरे काम कीटकांचे. द्राक्षवेलीला मधमाशीची गरज फारशी लागत नाही. तिची फुले आपल्याच परागाने फळतात. त्यामुळे मधमाशी गेली तर बागायतदाराचे बिघडले काय, असा प्रश्न रास्त वाटू शकेल. पण त्याच्या शेजारी कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट असतो, पलीकडे डाळिंब असते, परसात दोडका आणि भोपळा असतो. नाशिक जिल्ह्यात कांद्याचे बियाणे धरणाऱ्याला विचारले, तर माशी आली नाही त्या वर्षी गोंडे पोकळ राहतात हे तो चटकन सांगेल. फुलोरी आणि सातेरी माशांना केवळ कांदा फुलतो तेवढे दिवस खाऊन भागत नाही. वर्षभर कोठे ना कोठे फूल लागते. एकदांडी बांधावर बारा महिने फुलते. म्हणजे एकाच्या पट्ट्यातील हिरवळीचा लाभ दुसऱ्याच्या गोंड्यांत उतरतो आणि ती काढून टाकल्याचा तोटाही दुसऱ्यालाच बसतो. बाजार असा हिशेब कधी मांडत नाही. तो मांडावयाचा तर गावानेच मांडला पाहिजे.

पिठ्या ढेकणाची गोष्ट याहून निकटची. ही कीड वेलीच्या सुट्या सालीखाली लपते, घडात शिरते आणि मालाची प्रत घालविते. तिचा फडशा पाडणारा एक लहान भुंगेरा, क्रिप्टोलीमस, १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची अळी अंगावर पांढरे मेणचट तंतू वागविते आणि थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते. परिणामी कित्येक बागांत या मित्राला शत्रू समजून औषध मारले जाते. क्रायसोपा हा दुसरा उपयोगी कीटक. त्याची अळी मावा आणि ढेकणाची पिले खाते; पण पंख फुटलेला प्रौढ क्रायसोपा परागावर आणि मधावर जगतो. ज्या बागेत आणि बांधावर एकही फूल नाही, तेथे त्याने कशावर दिवस काढावेत? अंडी विकत आणून सोडावयाची आणि त्यातून निघालेल्या कीटकाला उपाशी ठेवावयाचे, हा व्यवहार काही शहाणपणाचा नव्हे.

बागेबाहेरच्या जमिनीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशात सुमारे नऊ हजार जातींच्या वनस्पती आढळतात आणि त्यांतील बहुसंख्य जगात अन्यत्र कोठेही नाहीत. त्या झुडपी रानांवर द्राक्षबागा चढू लागल्या, तेव्हा २००४ साली तेथील मद्यउद्योगाने आणि निसर्गसंरक्षकांनी मिळून शेतावरील नैसर्गिक झाडोरा राखण्याचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्राची द्राक्षे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युरोपच्या बाजारात उतरतात, तेव्हा केपची द्राक्षेही तेथे असतात. येथील माळरानांचे चित्र त्याहून फार वेगळे नाही. मुरमाड माळ यंत्राने फोडून, तळ्यातील माती आणून पसरून त्यांवर बागा उभ्या राहिल्या आहेत. त्या माळांवरचे पवन्या, मारवेल आणि कुसळी ही गवते गेली तर मेंढपाळाचा चराईचा मुलूखही जातो. सातबाऱ्यावर या बदलाची नोंद 'लागवडीखाली आली' अशी होते, आणि ती चुकीची नसते; पण अपुरी असते.

बागायतदाराच्या शंका

हे सर्व ऐकून एखादा अनुभवी बागायतदार शांतपणे तीन गोष्टी विचारील आणि त्या विचारण्याचा त्याला अधिकार आहे. २०१४ च्या गारपिटीत आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसात ज्याने डोळ्यांदेखत बाग गमावली, त्याला आणखी एक जोखीम घ्या असे सांगणे सोपे नाही.

त्याची पहिली शंका पाण्याची. टँकर आणून जगविलेल्या बागेत गवताला वाटा कोठून द्यावयाचा? शंका योग्य आहे. कोरड्या प्रदेशात उन्हाळ्यातील जिवंत हिरवळ वेलीच्या तोंडचे पाणी पळविते. युरोपातील दुष्काळी भागांतही हाच अनुभव आहे. म्हणून येथे उन्हाळ्यात जिवंत नव्हे, तर वाळलेले आच्छादन हवे.

दुसरी शंका केवड्याची. दाट हिरवळीने बागेतील दमटपणा वाढतो आणि दमट हवेत केवडा पसरतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाल्यावर, कोवळ्या फुटी आणि फुलोऱ्याच्या काळात जमिनीलगत उंच गवत ठेवणे धोक्याचेच. तेव्हा हिरवळ हवी ती त्यापूर्वी, आणि छाटणीच्या वेळेस ती कापून जमिनीवर निजविलेली असली पाहिजे.

तिसरी शंका किडीची: पिठ्या ढेकूण काही तणांवरही वाढतो. हेही खरे आहे. त्याचे इंग्रजी नावच जास्वंदीशी जोडलेले आहे. जास्वंद, भेंडी आणि त्यांच्या कुळातील पेटारीसारखी रानटी झुडपे त्याला आश्रय देतात. ही झुडपे बागेतून व बांधावरून उपटावीत. परंतु त्यांच्यासाठी सबंध बांध जाळणे म्हणजे क्रायसोपाचे घरही जाळणे. निवड करूनच काढावयाचे असेल तर आधी ओळखता आले पाहिजे, आणि ओळख ही गोष्ट डबाबंद औषधासारखी दुकानात मिळत नाही.

महाराष्ट्रातील बागेला एक अनुकूलता आहे, जी युरोपला नाही. येथे वेलीच्या दोन छाटण्या होतात: एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरमध्ये गोडी. या दोहोंच्या मधे पावसाळा येतो. घड कोठे येणार हे वेलीच्या डोळ्यांत पावसाळ्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरलेले असते आणि घड तर अजून आलेलेच नसतात. जूनच्या पहिल्या पावसावर पट्ट्यात ताग किंवा धैंचा पेरावा आणि तो दीड महिन्याच्या सुमारास, फुलावर येताना, कापून तेथेच पसरावा. नत्र मिळते, माती धरली जाते आणि गाजरगवताला वर येण्यास जागा उरत नाही. केवड्याची भीती वाटत असल्यास एक ओळ सोडून दुसऱ्या ओळीत पेरणी करावी. फवारणीच्या यंत्राला मोकळा पट्टाही राहतो. काही बागायतदार हे करीतच आहेत आणि त्यांनी कोणाच्या भाषणाची वाट पाहिली नाही.

नोंदवहीतील तक्ता

२०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अवशेष आढळले म्हणून महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली आणि बागायतदारांना जबर फटका बसला. त्यानंतर तपासणी अधिक काटेकोर झाली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात, मण्यातील अवशेष सूक्ष्म प्रमाणापर्यंत मोजले जातात. हे सर्व आवश्यकच आहे. पण ती तपासणी घडाची असते, खाणाऱ्याच्या हितासाठी असते. ज्या जमिनीवर तो घड वाढला तिच्यावर दहा वर्षांपूर्वी किती जातींची रोपे उगवत आणि आज किती उगवतात, हे कोणतीही प्रयोगशाळा विचारीत नाही. तो प्रश्न परदेशी ग्राहकाचा नाहीच.

तो विचारण्याची सोय कायद्याने गावालाच दिली आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. या नोंदवहीच्या नमुन्यात पिके, फळझाडे आणि चारा यांच्या तक्त्यांबरोबर तणांसाठीही स्वतंत्र तक्ता आहे. तो कार्यालयात बसून, मागील गावच्या नोंदवहीवरून उतरवून भरला, तर कागद पूर्ण होतो, आणि पुष्कळ वेळा तेवढ्यावरच समाधान मानले जाते. द्राक्षपट्ट्यातील गावांनी निदान हा एक तक्ता जागेवर जाऊन भरावा.

त्यासाठी खर्च जवळजवळ नाही. चार काठ्या बांधून एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट करावी. जूनच्या अखेरीस, ऑगस्टच्या मध्यास आणि गोडी छाटणीपूर्वी ती तीन ठिकाणी ठेवावी: वेलीच्या बोदावर, दोन ओळींमधल्या पट्ट्यात आणि बांधावर. चौकटीत किती प्रकारची रोपे आहेत हे मोजून तारखेसह लिहावे. तणनाशक मारलेली बाग, खुरपलेली बाग आणि ताग पेरलेली बाग अशा तीन बागांत हे केले, तर सातवीच्या विद्यार्थ्यालाही फरक दिसेल. शाळेच्या पर्यावरणाच्या तासिकेला याहून चांगला प्रयोग शोधावा लागणार नाही. अट एकच: फवारणी झालेल्या बागेत, औषधाच्या डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत, मुलांना नेऊ नये.

नावे सांगण्यासाठी तज्ज्ञ बोलावण्याची घाई करू नये. वीस-पंचवीस वर्षे खुरपणीला जाणाऱ्या बाया गावात आहेत. कोणते रोप कोणत्या पावसानंतर येते, कशाची भाजी होते, कशाने हाताला खाज सुटते, काय शेळी खाते आणि काय तोंड फिरवून सोडून देते, पूर्वी अमुक बागेत जे ओंजळीने मिळे ते आता कोणत्या बांधावर शोधावे लागते, हे त्या न अडखळता सांगतात. समितीच्या बैठकीची वेळ त्यांची कामावरून परतण्याची असावी, आणि नोंदवहीत माहिती देणाराच्या रकान्यात त्यांचे नाव यावे. शास्त्रीय नाव नंतर महाविद्यालयाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून भरून घेता येते. त्यासाठी रोपाचा एक नमुना वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, वाळवून, तारीख व गटक्रमांक लिहून ठेवला म्हणजे झाले.